मागच्यालाही दिसले पाहिजे

क्रिकेटचा सामना हल्ली घरातल्या पडद्यावर मैदानापेक्षा चांगला दिसतो. चेंडू जवळून दिसतो, बाद झालेला फलंदाज पुन्हा पुन्हा पाहता येतो, ऊन नाही, रांग नाही. तरीही माणसे तिकीट काढून मैदानावर जातात. कुस्तीचा फड किंवा गावातला कबड्डीचा सामना असला, तर शेतातली कामे उरकून लवकर जागा धरतात. मैदानावर जाऊन पाहण्यात असे काय असते? आणि काही मैदानांवर मजा येते, काहींवर नुसती मान दुखते, असे का?

‘वातावरण’ हा एक शब्द वापरून आपण या प्रश्नातून सुटका करून घेतो. पण या वातावरणाचा बराच भाग मोजता येतो. त्यासाठी समरूप त्रिकोण, कोन, ध्वनीचा वेग आणि थोडा भागाकार एवढे पुरते. म्हणजे नववी-दहावीचा विद्यार्थी हे सारे आपल्या शाळेच्या मैदानावर तपासू शकतो. या लेखात आपण तेच करणार आहोत.

एकाच वर्षातली दोन मैदाने

कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवून घेतले. १९०२ साली महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. तिथे रोमचे कलोसियम पाहून त्यांच्या मनात हे मैदान बांधण्याची कल्पना आली, असे सांगतात. १९१२ साली ते तयार झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्या सभोवती बाहेरच्या बाजूला चढत जाणारी बैठक, अशी त्याची साधी रचना आहे. बसायला खुर्ची नाही, पण पुढच्याच्या डोक्यावरून हौदा दिसतो. पैलवानाची पकड सुटली की बसली, हे मागच्या माणसालाही कळते.

त्याच १९१२ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, पण त्याची मैदाने आपल्या प्रश्नासाठी उपयोगाची आहेत. क्रिकेटमध्ये खेळाचा गाभा मैदानाच्या मध्यावर असतो, म्हणून प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात. बेसबॉलचे मैदान पाचरीसारखे असते. फलंदाज पाचरीच्या टोकाशी उभा राहतो आणि सारा खेळ त्या टोकापासून पुढे पसरतो. म्हणून चांगली जागा म्हणजे टोकाच्या मागची आणि तिथून दोन्ही कडांलगतची. टोकापासून दूर, पाचरीच्या रुंद बाजूला बसणाऱ्याला फलंदाज शंभर-सव्वाशे मीटरवर दिसतो.

१९६० नंतर अमेरिकेत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांसाठी सामाईक गोल मैदाने बांधली गेली. एकाच्या खर्चात दोन कामे, असा हिशोब होता. पण आयताकृती फुटबॉल आणि पाचरीसारखा बेसबॉल एकाच गोलात नीट बसत नाहीत. दोन्ही खेळांचे प्रेक्षक खेळापासून लांब गेले. १९९२ साली बाल्टिमोर येथे केवळ बेसबॉलसाठी बांधलेले कॅम्डन यार्ड्‌स हे मैदान सुरू झाले, ते लोकांना आवडले आणि वारे फिरले. तात्पर्य असे की आधी खेळाचा आकार पाहावा, मग बैठकीचा.

पुढच्याचे डोके

आता आपल्या मैदानावर येऊ. समजा, हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावी शाळांच्या कबड्डी स्पर्धा भरवायच्या आहेत. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. १३ मीटरच्या बाजूलगत पाच रांगांची बैठक करायची आहे. पायऱ्या किती उंच कराव्यात?

पहिल्या रांगेतला मुलगा जमिनीवर बसला आहे. त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर आहेत. तो कडेच्या रेषेपासून ३ मीटर मागे आहे. माणसाच्या डोळ्यांपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असते. म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलीला कडेची रेषा दिसायची, तर तिची दृष्टिरेषा पहिल्या मुलाच्या जागी ७५ + १२ = ८७ सेंटिमीटर उंचीवरून गेली पाहिजे.

कडेच्या रेषेवरचा बिंदू, मुलाच्या डोक्याचा माथा आणि मुलीचा डोळा हे एकाच सरळ रेषेत आहेत. यातून दोन समरूप त्रिकोण मिळतात. रांगांमधले अंतर ७५ सेंटिमीटर धरले, तर मुलगी रेषेपासून ३.७५ मीटरवर आहे. म्हणून तिच्या डोळ्यांची उंची ८७ × ३.७५ ÷ ३, म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर हवी. १०९ मधून ७५ वजा केले की पहिली पायरी ३४ सेंटिमीटर येते.

हाच नियम पुढे चालवायचा:

मागच्याच्या डोळ्यांची उंची = (पुढच्याच्या डोळ्यांची उंची + १२) × मागच्याचे अंतर ÷ पुढच्याचे अंतर

यातून पायऱ्यांची उंची क्रमाने ३४, ३६, ३८ आणि ४० सेंटिमीटर येते. म्हणजे पायऱ्या सारख्या उंचीच्या करून भागत नाही. मागे जावे तसा प्रत्येक पायरीचा चढ वाढत जातो. बैठकीचा उतार सरळ नसतो, वाटीच्या कडेसारखा वर वळत जातो. मोठ्या स्टेडियमचा वरचा भाग छातीत धडकी भरण्याइतका उभा का असतो, त्याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. अर्थात हा चढ हवा तेवढा वाढवता येत नाही. साधारण ३५ अंशांपलीकडे पायऱ्या उतरणाऱ्याचा तोल जाण्याची भीती असते.

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी फेटे बांधले, तर १२ च्या जागी २० सेंटिमीटर धरून पाहा. पहिलीच पायरी ३४ वरून ४४ वर जाते! सत्काराचे फेटे सामना सुरू होण्यापूर्वी उतरवावेत, अशी विनंती करायला आता गणिताचा आधार आहे.

ज्या कार्यक्रमात पायऱ्यांची सोय नसते, तिथे प्रेक्षकाऐवजी दृश्य उंच करतात. हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला मैदानावर रावणदहन होते. रावणच उंच, त्यामुळे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मागच्या माणसालाही तो दिसतो. तमाशाचा फड, कीर्तनाचे व्यासपीठ हीही याच युक्तीची रूपे. कबड्डीचे मैदान मात्र उंच करता येत नाही, म्हणून प्रेक्षकाला उचलावे लागते.

किती जवळ, किती दूर?

पहिली रांग ३ मीटरऐवजी ६ मीटर मागे नेली तर? त्याच नियमाने पायऱ्या २३, २४, २५ आणि २६ सेंटिमीटरच्या येतात. चढ कमी झाला, खर्च कमी झाला. मग लांबच का बसवू नये?

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातला तपशील जेमतेम ओळखता येतो. या कोनाला एक कला म्हणतात. एखादी वस्तू तिच्या आकाराच्या सुमारे ३४४० पट अंतरावर असली की ती एका कलेएवढा कोन करते. पण हलत्या खेळात ‘जेमतेम’ उपयोगाचे नाही. आपण चार कला ही सोयीची मर्यादा मानू. म्हणजे वस्तूच्या आकाराच्या सुमारे ८६० पट अंतर.

कबड्डीत निकाल बोटाच्या स्पर्शावर लागतो. बोटाची रुंदी २ सेंटिमीटर धरली, तर मर्यादा येते १७ मीटर. आता आपल्या दोन बैठकी तपासा. पहिली रांग ३ मीटरवर असेल, तर शेवटची रांग ६ मीटरवर येते आणि तिथून सरळ समोरची पलीकडची रेषा १६ मीटरवर असते. स्पर्श दिसतो. पहिली रांग ६ मीटरवर नेली, तर शेवटच्या रांगेपासून पलीकडची रेषा १९ मीटरवर जाते. तिथला स्पर्श पंचांच्या हाताकडे पाहून समजून घ्यावा लागतो.

क्रिकेटचा चेंडू सुमारे ७.२ सेंटिमीटर व्यासाचा. त्याची मर्यादा याच हिशोबाने ६२ मीटर येते. सीमारेषाच खेळपट्टीपासून त्याहून दूर असू शकते. म्हणून स्टेडियममधला प्रेक्षक पुष्कळदा चेंडू पाहत नाही. फलंदाजाची बॅट, क्षेत्ररक्षकांची धावपळ आणि यष्टिरक्षकाची उडी यांवरून तो चेंडू कुठे गेला ते ओळखतो. अकरा जण एकदम हलताना दिसणे, हे मात्र दूरदर्शनच्या चौकटीत मावत नाही. मैदानावर जाण्याच्या आनंदाचा हा एक मोठा भाग आहे. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमची २०११ च्या विश्वचषकापूर्वी फेरबांधणी झाली, तेव्हा आसनांची संख्या कमी करून सुमारे ३३ हजारांवर आणली गेली. अधिक माणसे कोंबण्यापेक्षा असलेल्यांना नीट बसता येणे महत्त्वाचे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे.

मध्ये आलेला खांब

फेनवे पार्कसारख्या जुन्या मैदानांवर छत पेलण्यासाठी प्रेक्षकांमध्येच खांब उभे आहेत. खांबामागची जागा मिळाली की निम्मा खेळ खांब खातो. आपल्या मांडवातल्या बांबूचेही तसेच. ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू डोळ्यांपासून १ मीटरवर असेल, तर १० मीटरवरच्या मैदानातला ८० सेंटिमीटरचा पट्टा झाकला जातो. आख्खा खेळाडू दिसेनासा होतो. तोच बांबू ४ मीटरवर असेल, तर २० सेंटिमीटरच झाकले जातात. म्हणून मांडवाचे बांबू शक्यतो बैठकीच्या मागे किंवा दोन्ही टोकांना रोवावेत.

नव्या स्टेडियममध्ये छत मागच्या बाजूला घट्ट धरून पुढे अधांतरी सोडतात. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे छत असे आहे. पण फुकट काहीच मिळत नाही. जुन्या मैदानांत खांबांच्या आधारामुळे वरचा मजला खालच्या मजल्यावर अगदी पुढे आणता येई आणि तिथला प्रेक्षक खेळाच्या जवळ असे. खांब काढल्यावर वरचा मजला मागे सरकवावा लागला. खांब गेले आणि अंतर वाढले.

सूर्य कुणाच्या डोळ्यांत?

क्रिकेटची खेळपट्टी साधारण दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे कलता सूर्य फलंदाजाच्या किंवा गोलंदाजाच्या थेट डोळ्यांत जात नाही. बेसबॉलच्या नियमपुस्तकात फलंदाजाकडून मैदानाकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, अशी शिफारस आहे. म्हणजे दुपारनंतरचा सूर्य फलंदाजाच्या पाठीशी आणि त्याच्यामागे बसलेल्या प्रेक्षकांच्याही पाठीशी राहतो.

गोरेगावच्या मैदानाला हाच विचार लावू. मैदानाची १३ मीटरची बाजू दक्षिणोत्तर ठेवावी. चढाई करणारा खेळाडू याच दिशेने जातो, त्यामुळे संध्याकाळचे ऊन कुणाच्याच समोर येत नाही. बैठक पश्चिमेला करावी, म्हणजे सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी राहतो आणि खेळाडू उजेडात दिसतात. मागे ५ मीटर उंचीची शाळेची भिंत किंवा झाड असेल, तर उत्तमच. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना त्याची सावली ५ मीटर पडते, तर ३० अंशांवर सुमारे ८.७ मीटर. सामना जितका उशिरा, तितक्या अधिक रांगा सावलीत. मराठवाड्याच्या उन्हात ही सावली म्हणजे चैन नव्हे. भर उन्हात तीन तास बसलेले मूल खेळ पाहत नाही, पाण्याची वाट पाहते.

आवाज

उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ७० मीटरवरच्या फलंदाजाने मारलेला फटका आपल्याला आधी दिसतो आणि त्याचा आवाज एकपंचमांश सेकंदानंतर येतो.

ओरडणाऱ्यांची संख्या दहापट झाली, की आवाजाची पातळी १० डेसिबेलने वाढते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. पण सपाट, उघड्या माळावर हा आवाज वर आणि दूर निघून जातो. पाठीमागे भिंत किंवा चढती बैठक असेल, तर त्याचा काही भाग परत फिरतो. शिवाय खासबागेसारख्या गोल मैदानात समोरच्या बाजूचे चेहरे दिसतात. डाव बसला की हजारो माणसे एकदम उठतात, हे दृश्य आपण कुस्तीच्या बरोबरीने पाहतो. लहान मैदान भरलेले असेल, तर मोठ्या रिकाम्या मैदानापेक्षा रंगत अधिक, याचे हे कारण.

गावच्या स्पर्धेत रंगाचा बेरंग करतात ते कर्णे. दोन कर्णे दोन टोकांना लावले आणि एकाचे अंतर दुसऱ्यापेक्षा ३५ मीटरने जास्त असले, तर त्याचा आवाज एकदशांश सेकंद उशिरा पोचतो. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊन गुण कुणाला मिळाला तेच कळत नाही. उपाय सोपा आहे. दोन्ही कर्णे एकाच खांबावर, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून लावावेत.

सुखरूप घरी

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर खेळ नीट दिसणार नाही. यापुढच्या चुका जिवाशी येतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरला भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कनिष्ठ गट कबड्डी स्पर्धेची तात्पुरती गॅलरी कोसळून शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या क्रिकेट स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण दगावले.

बांबू आणि फळ्यांची गॅलरी शांत बसलेल्या माणसांचे वजन पेलते, म्हणून ती सुरक्षित आहे असे समजू नये. एका माणसाला ४५ × ७५ सेंटिमीटर जागा दिली, तर चौरस मीटरवर तीन माणसे, म्हणजे सुमारे १८० किलोग्रॅम भार येतो. सारे एकदम उडी मारून खाली आले, की क्षणभर हा भार दुपटीहूनही अधिक होऊ शकतो. त्यातून उड्या तालात पडू लागल्या, तर झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखे होते आणि डोलणे वाढत जाते. उभे आणि आडवे बांबू मिळून चौकोन होतो, आणि चौकोन बाजूला कलंडतो. प्रत्येक चौकटीत तिरपा बांबू घालून त्रिकोण केले, तरच सांगाडा ताठ राहतो. अरविंद गुप्ता यांनी रुळवलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळातून हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येईल.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे जातात, पायऱ्यांवरून सुमारे ६५. मैदानावर ६०० प्रेक्षक आहेत आणि फाटक १.२ मीटर रुंद आहे. मिनिटाला ९६ माणसे, म्हणजे मैदान रिकामे व्हायला सव्वासहा मिनिटे. फाटकाची एक झडप बंद राहिली, तर साडेबारा मिनिटे. तेवढ्यात पाऊस आला किंवा कुणी अफवा उठवली, तर मागची माणसे थांबत नाहीत, ढकलतात. चौरस मीटरला पाचाहून अधिक माणसे झाली, की पाऊल टाकायलाही जागा राहत नाही. कलोसियमला ऐंशी कमानी होत्या आणि त्यांपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते, ते याच कारणासाठी. आपणही दोन विरुद्ध बाजूंना फाटके ठेवावीत, ती बाहेर उघडणारी असावीत आणि सामना संपण्यापूर्वीच उघडावीत.

नऊ ब्रास मुरूम

मग गोरेगावला बैठक कशाची करावी? खासबागेने दिलेले उत्तर आम्हाला आजही पटते. जमिनीचीच करावी. भरीव मातीच्या पायऱ्यांखाली पोकळी नसते, त्यामुळे बांबूच्या गॅलरीसारख्या त्या डोलत नाहीत.

पहिली रांग ३ मीटरवर ठेवली, तर जमिनीपासून चार पायऱ्यांची उंची क्रमाने ३४, ७०, १०८ आणि १४८ सेंटिमीटर येते. यांची बेरीज ३.६ मीटर. तिला ०.७५ मीटर रुंदीने गुणले, की बैठकीच्या दर मीटर लांबीला २.७ घनमीटर भराव लागतो. १० मीटर लांबीला २७ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे साडेनऊ ब्रास. पहिली रांग ६ मीटरवर नेली, तर साधारण साडेसहा ब्रास पुरतो. तीन ब्रास वाचतात, पण बोटाचा स्पर्श जातो. काय निवडायचे हे गावाने ठरवावे. मागचा उतार आणि पायऱ्यांच्या कडांचे दगड यांसाठी आणखी माल लागेल, तो वेगळा. भरावाला काळी माती मात्र वापरू नये. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. मुरूम पाणी मारून, थराथराने ठोकून घ्यावा.

अशा बैठकीवर माणशी ४५ सेंटिमीटर धरले, तर एका रांगेत २२ आणि पाच रांगांत ११० जण बसतात. यात एक गोष्ट हिशोबाबाहेरची, पण महत्त्वाची आहे. सपाट जमिनीवर ज्याच्या अंगात जोर तो पुढे, आणि लहान मुले, मुली, म्हातारी माणसे मागे, असे होते. बाया पुष्कळदा घरांच्या गच्चीवरून पाहतात. चढत्या बैठकीवर पाचव्या रांगेतल्या आजीलाही पहिल्या रांगेतल्या पाटलांइतकेच दिसते. ढकलाढकलीचे कारणच उरत नाही.

वर्गासाठी

१. तुमच्या वर्गातल्या दहा मुलांची बसलेल्या स्थितीतली डोळ्यांची उंची आणि डोळ्यांपासून माथ्यापर्यंतचे अंतर मोजा. सरासरी काढून वरचे कोष्टक पुन्हा मांडा. मुले एकाआड एक, म्हणजे पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत बसवली, तर पायरीची उंची किती कमी करता येईल?

२. दोन सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी काळ्या पुठ्ठ्यावर हलती ठेवा. ती किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते? आपली १७ मीटरची मर्यादा बरोबर आहे का?

३. शाळा सुटताना फाटकातून एका मिनिटात किती मुले बाहेर पडतात ते मोजा. फाटकाची रुंदी मोजून दर मीटरचा आकडा काढा.

तिसरा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करावा. त्याचे उत्तर मुख्याध्यापकांना तर हवेच, पण स्पर्धा भरवणाऱ्या ग्रामपंचायतीलाही हवे. तुमची मापे आम्हाला जरूर कळवा.